ताणातला खड्डा

२१ जानेवारी १९८७, बुधवार. सकाळी साडेदहाला मी लाकडी हातोडीनं ढेकळं फोडत बसले होते, तेव्हा दारात कौसामाय येऊन उभी राहिली.

"जय भीम, बाई."

"जय भीम. आत ये ना, माय."

"पाय मातीचे हायेत."

"इथं तं सगळं मातीचंच हाय. ये."

कौसामाय ही बोरगावकडची, आमच्या बौद्ध वस्तीतली. साठीच्या आसपासची. सीझनला संत्री तोडायला जाते, एरवी कापूस वेचायला. तिला सरकारी योजनेत, गुलाबरावांच्या संत्र्याच्या बागेला लागून, एक पक्कं घर मिळालं होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर काळ्या मातीचं एक ढेकूळ ठेवलं.

"हे मांगच्या भितीखालचं. भित अजून बाहीर गेली. आन् गुलाबराव परवा शुक्रवारी बागेले पाणी सोडून राहिले. मले एकच सांग. राहू का निघू?"

उत्तर मला तिथल्या तिथं माहीत होतं. ते मी दिलं नाही. "उद्या सांगतो," म्हणाले. आमच्याकडे बायाही 'सांगतो' म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी हसू नये.

मध्य प्रदेशातल्या सौंसरला आमच्या बांधकाम खात्याची मातीपरीक्षणाची छोटी प्रयोगशाळा आहे. दोन खोल्या, एक विजेची भट्टी, एक काटा, चाळण्यांची उतरंड, एक शिपाई आणि मी. पांढुर्ण्यापर्यंतच्या रस्त्यांची, पुलांची, इमारतींची माती पोत्यात भरून आमच्याकडे येते. ती वाळवायची, फोडायची, चाळायची. हातोडी लाकडीच लागते, कारण लोखंडीनं मातीतला खडाही फुटतो आणि मग खडा किती नि माती किती हे कळत नाही. माझा हुद्दा प्रयोगशाळा सहायक. लोक 'मातीवाली बाई' म्हणतात. चौदा वर्षं झाली. अर्ज हिंदीत येतात, रिपोर्ट इंग्रजीत जातात आणि भांडणं मराठीत होतात.

या अंकाच्या संपादकांनी कामातले गमतीदार अनुभव लिहा असं कळवलं आहे. आहेत तसे काही. ते आधी उरकते.

एकदा एक शेतकरी दोन पुड्या घेऊन आला. एक त्याच्या वावरातली माती, दुसरी शेजाऱ्याच्या. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे बांध, सरकवला होता म्हणे. "बाई, ह्या दोन्ही माह्याच वावरच्या हायेत असं लिहून द्या, मी तहसीलात दाखवतो." मी म्हटलं, मातीवर नाव नसतं, भाऊ. तो म्हणाला, "मंग तुमी इथं काय करून राहिले इतकी वर्षं?" हा प्रश्न मला अजून अधूनमधून आठवतो.

दुसरा अनुभव पांढुर्ण्याचा. जाम नदीत एक रपटा बांधायचा होता, म्हणजे पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी जातं तसला बुटका पूल. पायाचा खड्डा खोदताना काळा दगड लागला. सब्बल, म्हणजे पहार, मारली की खणखण वाजायची. आमच्या ओव्हरसियरनं लगेच "खडक लागला" असं लिहिलं. मजुरांत सावरगावचा एक म्हातारा होता. तो खड्ड्यात उतरला, दगडावर दोन ठिकाणी ठोकलं आणि वर बघून म्हणाला, "खडक नाही साहेब, गोटा हाय."

ओव्हरसियर चिडला. "तुला काय कळतं रे?"

"साहेब, गोटा ओळखाले सावरगावच्या माणसाले शिकवून राहिले का?"

सगळा खड्डा हसला, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. बाजूनं हातभर उकरलं तर दगड संपला आणि खाली ओली वाळू निघाली. पुरात वाहून आलेला, बैलगाडीएवढा गोटा. त्याच्यावर खांब उभा केला असता तर दुसऱ्या पावसाळ्यात रपटा आडवा झाला असता. "खडक लागला का?" हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दगड वाजवून मिळत नाही, त्याच्या कडेला खोदून मिळतं. हे मी त्या म्हाताऱ्याकडून शिकले आणि दोन वर्षांत विसरले.

गमती संपल्या.

लोक दुसरा प्रश्न विचारतात तो भेगांचा. "मिस्त्री चांगला होता, सिमेंट चांगलं होतं, तरी भिंत का उलली?" याचं उत्तर मी दोन काचेच्या नळ्यांत देते. काळी माती बारीक चाळून दोन्हींत सारखी टाकायची. एकीत पाणी ओतायचं, दुसरीत मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि एक दिवस ठेवून द्यायचं. रॉकेलातली माती होती तेवढीच राहते. पाण्यातली फुगून जवळजवळ दुप्पट होते. काळी माती पाणी पिते आणि फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. पिकाला त्याचं काही नाही. पण तिच्यावर भिंत उभी केली की ती भिंत वर्षातून एकदा वर उचलली जाते आणि एकदा खाली बसते, तीही सगळीकडे सारखी नाही. विटा वाकत नाहीत, त्या फुटतात. उपाय सोपा आहे: काळी माती ओलांडून खालच्या मुरुमापर्यंत जायचं आणि तिथून पाया उचलायचा. मुरूम फुगत नाही.

हे सगळं मला १९८५ सालच्या जानेवारीत माहीत होतं.

त्या महिन्यात बोरगावच्या अलीकडे भूमिहीनांसाठी नऊ घरं मंजूर झाली. गावठाणात जागा नव्हती. आमच्या लोकांसाठी ती कधीच नसते. म्हणून गुलाबरावांच्या संत्र्याच्या बागेला लागून एक पट्टी दिली. काळीभोर. मला सांगितलं, खड्डा घेऊन जमीन तपासा, पाया किती खोल घ्यायचा ते कळवा.

तेव्हा बाग ताणावर होती. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर झाडांचं पाणी डिसेंबरपासून तोडतात. पानं मलूल होतात, वळतात, झाड मरतंय असं वाटतं. मग जानेवारीच्या शेवटी एकदम भरपूर पाणी सोडतात आणि झाड फुलतं. ताण नीट बसला नाही तर फूल नाही, नुसता पाला. आमच्या भागातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. माझे बाबा अशाच एका बागेत सालदार होते. मी सहा वर्षांची असताना ताणाच्या दिवसांत एका झाडाच्या आळ्यात पाय धुतले. बाबांनी मला मारलं. मालकानं पाहिलं असतं तर त्यानं बाबांना मारलं असतं, म्हणून बाबांनी आधी मला मारलं.

तर खड्डा. बागेच्या बांधापासून चार हातांवर तीन मजूर आणि एक मुकादम. अडीच फुटांवर कुदळ वाजली. काळी माती अशी वाळली होती की कुदळीचं टोक परत उडत होतं. मुकादम म्हणाला, "बाई, दगड हाय हा. याच्यावर किल्ला बांधा." माती किती कडक आहे हे बघायला आम्ही एक लोखंडी सळई ठराविक वजनानं ठोकतो आणि किती ठोक्यांत किती आत गेली ते मोजतो. पण त्याआधी खड्ड्यात पाणी भरून रात्रभर मुरवायचं असा नियम आहे. नियम शहाणा आहे. जमीन तिच्या सगळ्यात वाईट दिवशी कशी असेल हे बघायचं असतं.

पाणी जवळ एकाच ठिकाणी होतं, गुलाबरावांच्या विहिरीत. मी मजुराला बादली घेऊन पाठवलं. त्याच्यामागून गुलाबराव स्वतःच आले.

"बाई, झाडं ताणावर हायेत. बांधापाशी रातभर पाणी मुरवलं तं माह्या कडेच्या दोन झाडायचा बहार गेला समजा."

मी त्या झाडांकडे पाहिलं. पानं वळलेली, देठ करपलेले. ताण उत्तम बसला होता. मला ते अगदी रास्त वाटलं. मुकादमालाही वाटलं. "बरोबर हाय, ताणात पाणी नोको," तो म्हणाला. मजुरांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे बागांतून वाढलेले लोक होतो. छिंदवाड्याहून कोणी परका साहेब आला असता तर त्यानं गुलाबरावांना हटकून पाणी ओतलं असतं. मी ओतलं नाही.

खड्डा कोरडाच तपासला. सळई आत जाईना. मी रिपोर्टात लिहिलं: भार सहन करण्याची क्षमता चांगली, पाया अडीच फूट पुरे. शेऱ्याच्या रकान्यात 'नमुना कोरडा' असे दोन शब्द लिहिले. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही. मुरूम साडेसहा फुटांवर होता, हे नंतर कळलं.

ती माती कडक का होती? कारण कडेच्या झाडांनी महिनाभर तिच्यातला थेंब न् थेंब ओढून घेतला होता. मी जमीन मोजत नव्हते, ताण मोजत होते. दोन्ही गोष्टी मला येत होत्या, एक बापाकडून आणि एक पुस्तकातून. त्या माझ्या डोक्यात एकमेकींच्या शेजारी होत्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

जानेवारीअखेर बागेला पाणी सुटलं. त्या वर्षी बहार असा धरला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. उन्हाळ्यात घरं बांधून झाली. कौसामायचं घर रांगेतलं शेवटचं, बागेच्या बांधाला पाठ करून. पहिल्या पावसाळ्यात दार लागेना म्हणून तिनं सुताराकडून रंधा मारून घेतला. हिवाळ्यात त्याच दाराच्या फटीतून मांजर ये-जा करू लागली. पुढच्या पाण्याला फरशी मधोमध उचलली. भेगेत सिमेंट भरलं तर भेग सिमेंटच्या शेजारून गेली. दुसरा ताण बसला आणि मागची भिंत बागेकडे कलायला लागली.

त्या बुधवारी दुपारी मी अर्धा दिवस रजा टाकून बोरगावची बस धरली. भिंतीला ओळंबा लावून पाहिला. वरच्या टोकाला चार बोटं बाहेर. खाली पायाजवळ माती भिंतीपासून सुटली होती, माझा पंजा सहज आत गेला. या फटीत बागेचं पाणी शिरणार, पायाखालची माती आधी मऊ होणार, मग फुगणार. भिंत दुसऱ्या दिवशी पडेल की आठव्या, एवढंच ठरायचं बाकी होतं. आत कौसामाय, तिची सून आणि दोन लहान नाती झोपत होत्या. मुलगा विटाभट्टीवर बाहेरगावी. त्याच भिंतीला नातींचा झोका टांगलेला होता. तो मी काढायला लावला आणि परत आले.

गुरुवारी सकाळी कौसामायच्या ढेकळाची माती नळीत दुप्पट झाली होती. ती नळी मी खात्याच्या इंजिनियर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे मला काय दाखवता?" साहेब म्हणाले. "काळी माती फुगते हे मला ठाऊक आहे."

मी घराची हकीगत सांगितली. घर आजच रिकामं करायचा आदेश काढा म्हटलं. त्यांनी फाईल मागवली, रिपोर्ट काढला आणि माझ्यासमोर फिरवून ठेवला.

"सही कोणाची?"

"माझी."

"मग आदेशात काय लिहू? पहिला रिपोर्ट चुकला?"

"हो. लिहा."

त्यांनी चष्मा काढला. साहेब काही वाईट नव्हते. आवाजही चढवला नाही. "बाई, नीट ऐका. घर आपोआप पडलं तर पंचनामा होतो. कुठल्यातरी आपत्तीत बसवता येतं. तिनं स्वतः हात लावला तर तिनं शासकीय घर पाडलं असं होतं. नाव एकदा यादीत लागलं की दुसऱ्यांदा लागत नाही. म्हणून म्हणतो, पडू द्या. फक्त पडेल तेव्हा आत कोणी नको."

"कधी पडेल ते कसं कळणार?"

"ते तुम्ही सांगा. माती तुमची."

मी नळी उचलली आणि बाहेर आले. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बस.

गुलाबराव मोटरीपाशी होते. माणसं दांड साफ करत होती, उद्याच्या पाण्यासाठी. मी माझं म्हणणं मांडलं: बांधाकडच्या दोन ओळी या वर्षी कोरड्या सोडा. तेवढ्यात काही सोय बघू.

"सोय म्हंजे?"

"बांधाच्या अंगानं खोल चर घेऊन मुरूम भरता येईल. पाणी पलीकडे जाणार नाही."

"थो चर कोण खोदून राहिला?"

मी बांधाची लांबी पावलांनी मोजायला लागले.

"तू शंकरची पोरगी ना?" ते म्हणाले. "तुह्या बापाची हयात बागेत गेली. तुले ताण काय असते ते मी सांगाले पायजेन का? महिना होऊन गेला झाडायले. अजून आठ दिवस थांबलो तं बहार सोड, झाडच जाईन. दोन ओळी मरू देऊ?"

ते खरंच बोलत होते. झाडं मी बघत होते. आणखी थोडे दिवस, आणि फांद्या वाळायला लागल्या असत्या.

"घर मी नाही बांधलं तिथं," ते पुढे म्हणाले. "बागेले खेटून कोणी घर बांधते का?"

"पण तुम्हीच म्हणाले होते, खड्ड्यात पाणी टाकू नका."

ते बोलले ते रागानं नाही.

"मी बागवाला हाव. मी म्हणनच. तू आयकलं कायले?"

दांड साफ करणारा माणूस थांबला होता, तो पुन्हा कामाला लागला. गुलाबराव म्हणाले, "लाईन सातले येते. मी त्या टोकापासून सुरू करतो. बांधापाशी पाणी याले दहा वाजतीन. याच्याहून जास्त माह्या हातात नाही." एवढं तरी त्यांनी दिलं. मी आभार मानले.

कौसामाय दारात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"निघ," मी म्हटलं.

"हाव. तुह्या तोंडावरून काल समजलं होतं."

"अजून एक हाय. पाया किती खोल घ्याचा ते माह्या चाचणीवर ठरलं. चाचणी मी कोरड्या मातीवर केली. चुकली."

तिची बोटं थांबली नाहीत. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "तुले मालूम होतं?"

"मालूम होतं. ध्यानात नाही आलं."

"म्हंजे तुही चूक."

"हाव."

"माह्या झोपडीले तीस वर्षात भेग नाही गेली. तुराट्या आन् शेणमाती. कोणाची सही नव्हती तिच्यावर."

हे खरं होतं. तुराट्यांचा कूड मातीबरोबर वाकतो, उठतो, बसतो. त्याला कोणी पक्कं म्हणत नाही.

सून धाकटीला कडेवर घेऊन दारात आली. "बाई, तुमच्या घराले भेग गेली का?"

"भाड्याचं हाय. नाही गेली."

"थे कायच्यावर हाय?"

"मुरुमावर."

"हाव नं," सून म्हणाली आणि आत गेली.

कौसामायनं सूप खाली ठेवलं. "आता सरळ सांग. मी मोडलं तं दुसरं भेटन?"

"नाही."

"आपल्यानं पडलं तं?"

"कागद होईन. भेटन असं मले नाही वाटत."

"आन् नुसतं सोडून गेलो, आन् पडलं?"

"कवेलू, बल्ल्या, सगळं खाली दबन."

"मंग झोपडी मी कायनं शाकारू?" तिनं वर छताच्या कौलांकडे, वाशांकडे पाहिलं. इतका वेळ ती माझ्याकडे बघत होती, आता हिशेब छताशी होता. "भित राहू दे. कवेलू काढू. सकाळी ये तू. शिडी हाय."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. त्या रात्री मी एका कागदावर लिहिलं की हे घर राहायला धोक्याचं आहे, पायाची चाचणी मी नियमाप्रमाणे पाणी मुरवून केली नव्हती, आणि छप्पर उतरवायचा सल्ला मीच दिला. सल्ला माझा नव्हता, तरी खाली सही केली. एक प्रत साहेबांना, एक कौसामायला. भिंत चौथ्या दिवशी दुपारी पडली. आत कोणी नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की लाभार्थीनं स्वतः छप्पर काढल्यामुळे भिंत उघडी पडून कोसळली. माझा कागद त्याला मागून टाचला होता. तो वाचला गेला असेल तर मला कळवलेलं नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली, ती योग्यच होती. मी कारण लिहिलं: ताण. वरून विचारणा झाली की हा शब्द कोणत्या नियमात आहे.

कौसामाय आज त्याच पट्टीच्या टोकाला तुराट्यांच्या झोपडीत राहते. वर सरकारी कवेलू आहेत. बाकीच्या आठ घरांना भेगा आहेत, लोक त्यात चिंध्या कोंबतात. यादीत तिच्या नावासमोर 'घर दिले' असं आहे आणि ते तसंच राहणार.

आता मी प्रत्येक खड्ड्यात पाणी मुरवते. जवळ पाणी नसेल तर सौंसरहून ड्रम नेते, कोणाच्या बागेचं काय व्हायचं ते होवो. मागच्या वर्षी एका शाळेच्या खोल्यांसाठी मी सहा फूट पाया लिहून दिला. रिपोर्ट परत आला: खर्च बसत नाही, अडीच फुटांत बघा. मी पुन्हा सहा लिहिले. तिसऱ्यांदा रिपोर्ट आलाच नाही. शाळा बांधली गेली. बसमधून जाताना मी तिच्या भिंती बघते. चूक उत्तर दिलं तेव्हा ते एका दिवसात मान्य झालं होतं. बरोबर उत्तराचं काय करायचं हे मला या नोकरीत अजून समजलेलं नाही, आणि आता समजेल असं वाटत नाही. लोक तेच प्रश्न घेऊन येतात. मी त्यांना नळ्या दाखवते. ते म्हणतात, "हे तं पुरणाच्या डाळीवानी फुगलं," आणि घरी जाऊन अडीच फूट खोदतात, कारण त्यांच्याकडे तेवढंच असतं.

त्या शुक्रवारी सकाळी मी पहिल्या बसनं गेले. साडेसहा वाजले होते. वस्तीतल्या पाचसहा बाया आधीच जमल्या होत्या. मी शिडी मधल्या भिंतीला लावली, मागच्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं, साडी खोचली आणि वर चढले. आधी बागेकडचा उतार उतरवायचा, म्हणजे कललेल्या भिंतीवरचं वजन आधी कमी होईल. एकेक कवेलू सुटं करून मी खाली देत होते, सून घेत होती, तिच्याकडून पुढची, तिच्याकडून पुढची, शेवटी कौसामाय ओळीत उभी करून रचत होती. एकीच्या हातून एक निसटलं.

"हळू व!" कौसामाय ओरडली. "सरकारी हायेत!"

बाया हसल्या. मीही हसले, शिडी हलली.

सातला पलीकडच्या टोकाला मोटर सुरू झाली. हात जरा भरभर चालायला लागले. नऊपर्यंत दोन्ही उतार मोकळे झाले. बल्ल्या उतरवल्या. सुनेनं कोनाड्यातली बाबासाहेबांची तसबीर काढून पदरात गुंडाळली. वर आभाळ दिसत होतं आणि खोली होती त्याहून लहान वाटत होती.

मी म्हटलं, "माय, दारपण काढून घेऊ. चांगलं सागाचं हाय. चौकटीसकट निघन."

"दार नोको काढू."

"भित पडली तं त्याच्याखाली जाईन."

"जाऊ दे. दार काढलं तं घर सोडून देलं म्हणतीन. ताबा माहाच राहू दे."

बांधापलीकडे पाणी आलं होतं. गढूळ, पालापाचोळा पुढे ढकलत, एकेक आळं भरत. कडेच्या झाडांच्या बुंध्यांशी फेस जमत होता. कौसामायनं सगळ्यांना बाहेर काढलं. दार चौकटीत बसेना, तेव्हा तिनं खांदा लावून ते रेटलं, कडी घातली आणि कुलूप लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. किल्ली कमरेला खोचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"चाल, तुही बस चुकन."

बस मिळाली. मी दुपारच्या कामाला वेळेवर पोचले.